परत आलेल्या कॅसेटी

"त्या पेटीला हात लावू नकोस," आजी म्हणाली. "टेपचे सेल संपतील उगाच."

"संपू देत," लुनिज म्हणाली आणि हाताला आली ती कॅसेट तिने टेपमध्ये घातली.

पेटी मायामीहून आली होती. आईला तिकडेच पुरलं. गावची एक बाई सुट्टीवर येताना तिचं सामान घेऊन आली. दोन झगे, एक बंद पडलेलं घड्याळ आणि या कॅसेटी. आजीला वाचता येत नव्हतं. पाद्रीबाबांकडून पत्र वाचून घ्यावं, तर संध्याकाळपर्यंत ते अख्ख्या डोंगराला पाठ. म्हणून इथे पत्रं कॅसेटवरच बोलायची. नवी कॅसेट परवडायची नाही, तेव्हा आलेल्या बोलण्यावरच आपलं उत्तर भरायचं आणि परत धाडायचं. आईचं बोलणं आजी दार लावून एकटीच ऐकायची. मग जेवताना सांगायची, आई म्हणते तुझे हात माझ्यासारखे आहेत. आई म्हणते, नर्स हो.

लुनिज नर्स झाली. आत्ताही अंगात पांढरा गणवेशच होता. आई मायामीला गेली तेव्हा ती रांगत होती, आईचा आवाज तिला आठवत नव्हता. आईच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकायचं, एवढंच तिला हवं होतं.

टेप खरखरली. आवाज आजीचाच निघाला, तरणा आणि चिडलेला.

"क्लोदेत, पैसे पोचले. याही खेपेला पोरीबद्दल चकार शब्द नाही काढलास. मागे मीच तिला सांगितलं, आई म्हणते तुझे हात माझ्यासारखे आहेत. आज सांगितलं, नर्स हो म्हणते. तूच बोल की गं एकदा. मला आता सुचत नाही काही."

आजी कॉफीच्या बिया निवडत होती. निवडलेल्या बिया ती पुन्हा सुपातच टाकत होती.

टेपमधली आजी म्हणाली, "ये गं, बोल आईशी." मग एक बारीक, धीट आवाज आला. "आई, तू म्हणालीस ना, तशी मी नर्स होणार. मी नखं कापते रोज."

लुनिजला रडू फुटलं. "हे तिने ऐकलं?"

"ऐकलं असेल. तिच्याच पेटीत होती ना."

"मला का नाही सांगितलंस कधी?"

"सांगून काय करू? ताटावरून उठली असतीस."

टेपवरचं आजीचं उत्तर आखूड होतं. ते संपून खट्ट झालं, आणि त्यापुढे आईचं जुनं बोलणं तसंच उरलं होतं. कोणीतरी अनोळखी बाई घाईघाईने बोलत होती. लुनिजने टेपला कान लावला.

"...पावसाआधी छपरावर पत्रे घालून घे. डुक्कर एवढ्यात विकू नकोस. मामाला, शेजारच्या थेरेजला विचारलंय म्हणून सांग. बाकीच्यांनाही."

कॅसेट संपली.

"बाकीचे कोण, आजी?"

आजीने सूप खाली ठेवलं.

"तू," ती म्हणाली. "तेवढ्या एका शब्दावरच वाढवलं मी तुला."