नवऱ्याची तपासणी

डॉक्टर मनोरमाबाईंच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. निजामाचा अंमल होता. परभणीच्या जनानी दवाखान्यात त्या मूल न होणाऱ्या जोडप्यांचा अभ्यास करत होत्या. त्यांनी लिहिलं होतं, "तुमच्या पत्नीत काहीही दोष नाही. आता तुम्ही तपासणीला या. सदतीस बायका येऊन गेल्या, नवरे आले तीनच. त्यांतल्या दोघांत दोष निघाला."

मी तिसरा निघालो तर? मी पत्र एका जाड पुस्तकात दडवलं आणि सोनपेठच्या शाळेत मान खाली घालून शिकवत राहिलो.

इकडे आईनं ठरवूनच टाकलं. "पिंगळीची पोरगी पाह्यलीय, लय चांगली हाय. आखाजीला तुझं दुसरं लगीन उरकू."

माझी बायको धुरपता भाकरी थापता थापता मला म्हणाली, "अवो मास्तर, समद्या परीक्षा म्याच द्यायच्या का? एखादी तुमी बी द्या की!"

दुसऱ्या दिवशी टपालखान्यात उभ्या उभ्या मी कार्ड लिहिलं, "माझी पत्नी निर्दोष आहे. दोष माझ्यात असू शकतो. बुधवारी तपासणीला येतो."

पोस्टमास्तर दत्तोपंतांनी सवयीनं ते वाचलं आणि घाबरून आवाज खाली आणला. "मास्तर, असलं लिफाफ्यात घालावं. उघडं कार्ड दुपारपर्यंत गावभर होतं."

"ठाऊक आहे," मी म्हणालो. "पिंगळीपर्यंत गेलं तर फारच बरं."

आणि कार्ड पेटीत टाकलं.