आकस्मिक खर्च

निवृत्तांच्या नव्या घरांची अंदाजपत्रकं यंत्रानं काढली होती, आणि यंत्राचा अंदाज गेल्या वीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. खासनीसांनी आपल्या घराचं पान वाचलं. खाट एक, ताट एक, खुर्ची एक.

"खुर्च्या दोन हव्या होत्या," ते चाचरत म्हणाले. "मुलगी कधी आली, तर बसेल कुठे?"

सही घ्यायला आलेली तरुण इंजिनिअर अवघडली. "सर, यंत्र मागच्या नोंदींवरून पुढचं ठरवतं. अकरा वर्षांत तुमच्याकडे कुणीच आलेलं नाही."

"मग आकस्मिक खर्चात धरा ना. मी खात्यात अंदाजपत्रकं करायचो, तेव्हा आम्ही प्रत्येक कामात पाच टक्के धरायचो."

"ते कलम कधीच रद्द झालं, सर. अंदाज चुकतच नाही, तेव्हा आकस्मिक असं काही उरत नाही, असा शेरा आहे." ती हसली. "शेऱ्याखाली सही तुमचीच आहे की!"

खासनीसांना तो दिवस आठवला. त्या शेऱ्याबद्दल त्यांचा सत्कार झाला होता. त्यांनी सही केली.

नव्या घरात ते रोज संध्याकाळी खाटेवर बसून चहा पितात. खुर्ची दाराशी मांडून ठेवलेली असते.