चिठ्ठी नंबर एकशे बारा

"आधी ह्याचं सांगा," मावशी म्हणाली आणि संमतीच्या कागदावर तिने एक जुनी चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर नुसता आकडा होता, एकशे बारा.

रक्ताचे नमुने घ्यायला आलेल्या ताईने ती उचलून पाहिली. अक्षर तिचंच होतं. रंगाच्या कारखान्यात राबणाऱ्यांच्या किडन्यांचा अभ्यास तीन वर्षांपूर्वीही ह्याच वस्तीत झाला होता. "रिपोर्ट आला की कळवू," असं तिनेच दारोदार सांगितलं होतं. ही चिठ्ठी मावशीच्या नवऱ्याची. तो गेल्या वर्षी गेला.

"तुमची वाट बघितली हो. म्हटलं, काही असतं तर कळवलंच असतं की! म्हणून दवाखान्यात नेलं नाही."

आत लेक बसली होती. तीही त्याच कारखान्यात जायची. तिचे डोळे सकाळपासून सुजले होते, आणि ती रडलेली नव्हती.

घरं सापडावीत म्हणून ताईला जुनी यादी दिलेली होती. ती उघडूच नये असं तिला फार वाटलं. तरी उघडली. एकशे बारासमोर लाल शाईत लिहिलं होतं, 'ताबडतोब कळवावे.' कुणी कळवावे, एवढं लिहायचं तेवढं राहून गेलं होतं.

"काय लिहिलंय?"

खरं सांगितलं तर मावशी दार लावून घेणार, आणि लेकीची तपासणी राहणार.

"दोष तेव्हाच दिसला होता, मावशी. तुम्हाला सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही."

मावशी लेकीकडे वळली.

"बाही वर कर गं."

लेकीने कागदावर अंगठा उमटवला. नळी भरली, बर्फाच्या डब्यात गेली. ताईने सवयीने नवी चिठ्ठी फाडली, तिच्यावर आकडा घातला. मावशीने ती उलटी करून पुन्हा तिच्यापुढे ठेवली.

"कधी येणार ते लिहा. आणि वाचून दाखवा."

"शुक्रवारी मी स्वतः येऊन सांगेन," ताईने लिहिलं, वाचलं आणि खाली सही करायला पेन टेकवलं.

मावशीने शाईचं पॅड तिच्याकडे सरकवलं.

"सही नको. आमचा घेता तसा अंगठा द्या."