घरबसल्या पाखरराखण

“आता ओरडून दाखवा,” लॅपटॉपमधले साहेब म्हणाले.

ऋजुताने नाशिकच्या फ्लॅटची खिडकी लावून घेतली. शेतीची पदवी, चार मुलाखतींत नकार, आणि ही पाचवी. काम सरळ होतं. स्क्रीनवर बार्शीकडचं ज्वारीचं रान दिसायचं. कणसांवर पाखरं उतरली की इथून ओरडायचं, ते तिकडच्या भोंग्यातून रानभर ऐकू जायचं. रेकॉर्ड केलेल्या आवाजांना पाखरं इतकी सरावली होती की आता ती भोंग्यावरच बसत. म्हणून कंपनीला जिवंत माणूस हवा होता.

“हाऽ, हाऽ,” ऋजुता म्हणाली. चार पाखरं कुतूहलाने भोंग्याजवळ आली.

“कोणाला हाका मारतेस गं?” पदराला हात पुसत आई आली आणि स्क्रीनवर वाकली. “अगंबाई, ज्वारी! चिकात आलीय की, दाणा नुसता दुधाळ. आपण दिसतो का हो त्यांना?”

“पाखरांना? नाही,” साहेब म्हणाले.

“बरं झालं, केस विंचरले नाहीत.” मग तिने छाती भरून श्वास घेतला. “हाऽऽऽ रेऽऽऽ हुर्र्र्रऽऽ!”

अख्खं रान रिकामं झालं. खिडकी बंद असूनही समोरच्या गच्चीवरची कबुतरं गेली.

साहेबांनी काढलेला हेडफोन परत कानाला लावला. “काकू, अनुभव किती?”

“लग्नाआधी सात हंगाम मचाणावर बसलेय.”

“मग सोडलंत का?”

“रान सुटलं हो. ओरडणं कुठं सुटलंय?”

“याची खात्री देणारं कोणी?”

ऋजुताने क्षणभर स्वतःच्या बायोडेटाकडे पाहिलं आणि हात वर केला.