दिवेलागणीचा माणूस

कोलशेतच्या शेडमधल्या माणसाने साखळी सोडली. कुत्र्याने झेप घेतली आणि टांगलेलं पोतं फाडायला सुरुवात केली.

“बघा साहेब, महिन्याभरात असा तयार करून देतो. अंगावर कोण आला की खल्लास!”

“आता त्याला सोडायला सांगा,” श्रीपादराव म्हणाले.

माणूस ओरडला, त्याने शिट्ट्या मारल्या, शेवटी पाइपाने कुत्र्याला बडवलं. पोतं सुटलं नाही. हे कुठे शिकलात, असं विचारल्यावर तो हसला. “मोबाइलवर सगळं असतं, साहेब.”

श्रीपादरावांनी खिशातून वही काढली आणि लिहिलं, ‘कोलशेत नको. सोडत नाही.’ जन्मभर ग्रंथपाल होते ते. लिहिल्याशिवाय त्यांचा कशावर विश्वास बसत नसे, स्वतःवर तर नाहीच.

खडवलीच्या विश्रामने कुत्रा दाखवलाच नाही. आधी खुर्च्या दिल्या, चहा सांगितला. तो सतरा वर्षं पोलिसांच्या श्वानपथकात होता. भिंतीवर प्रमाणपत्रं होती. श्रीपादराव ती वाचत असताना तो थांबून राहिला.

“कुत्रा कोणासाठी, काका?”

“हिच्यासाठी.”

शेजारी उत्तराबाई बसल्या होत्या. डाव्या मनगटाला प्लास्टर होतं. “मला काही नकोय कुत्रा,” त्या म्हणाल्या. “ह्यांचा हट्ट.”

“कोणापासून जपायचं?”

काठीच्या मुठीवरची श्रीपादरावांची बोटं घट्ट झाली. “एक माणूस आहे. दिवेलागणीला येतो. दार वाजवत नाही, त्याला गरजच नसते. हिच्यासमोर उभा राहतो आणि विचारतो, कोण तू, माझ्या घरात काय करतेस. मग काठी उचलतो.”

“अहो, पुरे,” उत्तराबाई पुटपुटल्या.

“म्हणजे घरचाच माणूस. जागेवरून भांडण दिसतंय.” विश्रामने दोघांकडे पाहिलं. “मुलगा?”

उत्तराबाई प्लास्टरमधून लोंबणारा दोरा बोटाला गुंडाळत राहिल्या.

“पोलिसांत दिलं?”

“ही देत नाही. त्याला दुसरीकडे ठेवू या म्हटलं, तर तेही नाही.”

“त्याला दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही हो,” उत्तराबाई म्हणाल्या. “मनाने वाईट नाही तो.”

“पिणाऱ्यांच्या घरी सगळ्या हेच म्हणतात, काकू. आणि काका, तुम्ही कुठे असता तेव्हा?”

“घरातच असतो.” श्रीपादरावांचा आवाज अगदी खाली गेला. “पण माझ्या हातून काही होत नाही.”

विश्रामने नजर दुसरीकडे वळवली. त्या नजरेत काय होतं ते श्रीपादरावांना कळलं. त्यांनी मान खाली घातली, पण उठले नाहीत.

“एकाच माणसावर सोडायला मी कुत्रा शिकवत नाही,” विश्राम म्हणाला. “काकूंवर उगारलेला हात, काठी, एवढंच माझ्या कुत्रीला कळेल. ती मध्ये उभी राहील, भुंकेल. नाहीच थांबला तर दंड धरेल. ‘सोड’ म्हटलं की सोडेल. इंग्रजी शब्द मी ठेवत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडात ते येत नाहीत.”

मग त्याने रेवा आणली, शेफर्ड कुत्री. त्याचा मेहुणा जगन हाताला जाड गादीची बाही चढवून विश्रामच्या अंगावर धावून आला. रेवाने बाही पकडली. “सोड,” विश्राम साध्या आवाजात म्हणाला. तिने सोडली आणि खाली बसली.

श्रीपादरावांनी चष्मा काढून पुसला.

“घरातल्या सगळ्यांनी तिला आपल्या हाताने भरवायचं. आपली माणसं कोण, ते तिला कळायला हवं,” विश्राम म्हणाला.

“फक्त ही भरवेल,” श्रीपादराव म्हणाले. “‘सोड’सुद्धा हिच्याच शब्दावर. मी ऐनवेळी विसरेन.”

“काका, अशाने तुम्ही तिला परकेच राहाल.”

“चालेल.”

चार महिने दर शनिवारी सकाळी ते दोघे खडवलीला जात. जगन दिवेलागणीचा माणूस होई.

“इतका तरातरा नाही येत तो,” श्रीपादराव सांगत. “पाय ओढत येतो, असं ही म्हणते. आणि ही घ्या माझी काठी. अशीच असते.”

प्लास्टर निघालं, मनगट जरा वाकडंच राहिलं. रेवा उत्तराबाईंच्या हातची भाकरी खाऊ लागली, त्यांच्या पायाशी झोपू लागली. अडत होतं ते उत्तराबाईंचंच. जगनने काठी उगारली की रेवा उठायच्या आधीच त्या ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत.

“काकू, आधी तिला धरू तर द्या!”

“माझीच दया येते त्यांना,” जगन हसला.

श्रीपादराव मात्र हसले नाहीत. परतताना गाडीत ते म्हणाले, “उत्तरा, त्याच्यावर दया करू नकोस. शपथ आहे तुला.”

त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. श्रीपादरावांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. भर दुपार होती, तरी दिवेलागणीच्या आत डोंबिवली गाठायची त्यांना घाई असे.

दिवाळीनंतर रेवा घरी आली. विश्राम स्वतः सोडून गेला. श्रीपादरावांनी वहीत तारीख घातली, खाली लिहिलं, ‘आता ती एकटी नाही,’ आणि वही मिटली.

त्या संध्याकाळी ते खिडकीशी पुस्तक घेऊन बसले होते. एकच पान तीनदा वाचून झालं, तरी ते काही सांगत नव्हतं. समोरच्या इमारतीत दिवे लागले. उत्तरा अजून कशी आली नाही? ती शाळेतून पाचाच्या ठोक्याला येते.

स्वयंपाकघरात भांडं वाजलं.

ते काठी घेऊन उठले. पाय जड झाले होते, ओढतच गेले. ओट्याशी एक म्हातारी बाई उभी होती. केस पांढरे, डावं मनगट वाकडं. तिने उत्तराचा चहाचा डबा उघडला होता. तिच्या पायाशी कुणाचं तरी कुत्रं बसलं होतं.

बाईने वळून पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. “अहो,” ती म्हणाली, “मी आहे.”

“कोण तू?” श्रीपादरावांनी काठी उचलली. “माझ्या घरात काय करतेस?”

कुत्रं उठलं.