कुंपणापलीकडचा नर

"आधी चष्मा काढा. वाकलात की पडेल तो त्याच्या आवारात, मग काय तोंड घेऊन मागायला जाणार?" केसर म्हणाली.

शिवदासने मुकाट्याने चष्मा बायकोच्या हातात दिला, बारीक ब्रश दातांत धरला आणि स्टुलावर चढला. साठी उलटलेला, कंपनीतून हारतुऱ्यासह निवृत्त झालेला हा माणूस समुद्रकाठच्या किहीममध्ये उजाडता उजाडता शेजाऱ्याच्या कुंपणावर ओणवा झाला होता. दत्तात्रेयची घटपर्णी अगदी हाताशी टांगलेली होती. पांढऱ्या दोऱ्याने काठीला बांधलेला तुरा, त्यावर पिवळी पूड. चष्म्याविना एवढंच दिसत होतं आणि एवढंच पुरेसं होतं. त्याने ब्रश फिरवला, पूड बाटलीच्या झाकणात झटकली आणि खाली उतरला.

"त्याचा कुत्रा आज पण भुंकला न्हाय," तो कुजबुजला.

"म्हातारा झालाय तो. तुमच्यासारखा."

मग तो आपल्या घटपर्णीकडे वळला. पानांच्या टोकांना झाकणवाले घडे लटकत होते. माशी आत घसरली की झाड तिला सावकाश पचवायचं. नऊ वर्षं त्याने हे झाड नारळाच्या सोडणावर आणि साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर वाढवलं होतं. यंदा पहिल्यांदा त्याला फुलं आली आणि कळलं की ही मादी आहे. या जातीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. नराची पूड लागली तर मादीला बोंडं धरतात, नाहीतर फुलं चार दिवसांत करपून जातात. आपल्या झाडाचं एक तरी पिल्लू हातात यावं, एवढंच शिवदासला हवं होतं. आणि पंचक्रोशीत फुललेला एकच नर होता, तोही दत्तात्रेयकडे.

त्या दोघांची लहानपणापासूनची दोस्ती एका नारळाने फोडली होती. दत्तात्रेयच्या माडावरचा नारळ वर्षापूर्वी थेट शिवदासच्या कुंडीवर पडला. झाड वाचलं, कुंडीचे तुकडे झाले, आणि दत्तात्रेय पोट धरून हसला.

"तोड तो माड," शिवदास ओरडला.

"आधी मला तोड."

तेव्हापासून अबोला. तसा दत्तात्रेय गप्प बसणारा नव्हे. जन्मभर ट्रक चालवलेला माणूस, हळू बोलणं त्याच्या गळ्याला ठाऊक नव्हतं. जे शिवदासला ऐकवायचं ते तो पडवीत बसून मांजरीला सांगायचा. "मने, आज कालवणात मीठ जास्त झालं. कुणाला सांगू नको." अशाच एका संध्याकाळी तो म्हणाला, "मने, आपल्या झाडाला तुरा येतोय. नर हाय बरं का, नर! बघू आता कोण मागायला येतो."

"मागणार? मी?" शिवदास फणकारला. "त्यापेक्षा चोरी बरी."

त्याच आठवड्यात दत्तात्रेय दोनदा मांडव्याहून बोटीने मुंबईला जाऊन आला. दोन्ही वेळा खांद्याला बर्फाचा डबा.

"मुंबईची मासळी किहीमला? उलटी गंगा वाहायला लागली की," केसर हसली.

"इंजेक्शनं असतील. साखर वाढली असेल त्याची," शिवदास म्हणाला. विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दत्तात्रेयचं झाड त्याच्या मागच्या अंगणातून उठून कुंपणाला टांगलं गेलं. "मला जळवायला," शिवदास म्हणाला आणि स्टूल शोधायला लागला.

चोरी फळली. बोंडं धरली, टम्म झाली, मग तपकिरी झाली. आतून केसांच्या तुकड्यांसारखं बी निघालं. शिवदासने ते सोडणाच्या भुशावर पेरलं, वर पारदर्शक झाकण ठेवलं आणि घरातल्या सगळ्यांना पंख्याची बंदी केली. फुलं सरल्यावर दत्तात्रेयची कुंडी कधीच मागे गेली होती.

एका सकाळी शिवदासची हाक आळीच्या टोकापर्यंत गेली. हिरवे ठिपके उगवून आले होते. पुढे त्या ठिपक्यांना मोहरीएवढे घडे आले, प्रत्येकावर झाकणसुद्धा. भिंगातून बघताना साठीचा माणूस नाचला. पेढे आले. पहिला पेढा उचलला आणि सवयीने त्याची पावलं कुंपणाकडे वळली. चांगली बातमी आधी कुंपणापलीकडे, हा जन्माचा रिवाज. तो थांबला. पेढा त्याने परत खोक्यात ठेवला.

"बाप तिकडचा हाय," केसर म्हणाली. "बारशाचं आवतण बापाच्या घरी नको द्यायला?"

रोपांचा ट्रे आणि पेढे घेऊन शिवदास सरळ पुढच्या फाटकातून गेला. मागून केसर. दत्तात्रेय पडवीत होता, मांडीवर मनी.

"दत्तू, ही रोपं तुझ्या झाडाची पण हायत," शिवदास एका दमात बोलला. "पूड मी चोरली. रोज सकाळी, फुलं होती तोवर. अर्धी रोपं तुझी. आणि तो माड असू दे."

दत्तात्रेयचा चेहरा कठोर झाला. "मने, ऐकलंस? शेजारी चोर निघाला." मग उठत म्हणाला, "चल मागे. ज्याची चोरी केलीस ते झाड एकदा नीट बघ तरी. चष्मा हाय ना डोळ्यावर?"

मागच्या अंगणात शिवदास कुंडीशी वाकला. काठीला बांधलेला तो तुरा वाळून गेला होता, पांढरा दोरा तसाच होता. पण तुऱ्याचा देठ झाडाला कुठेच जोडलेला नव्हता. खालचं टोक कात्रीने सरळ कापलेलं होतं. आणि त्याच्या मागे, झाडाच्या स्वतःच्या देठावर, उकललेल्या तपकिरी बोंडांचा घोस लटकत होता.

शिवदासने वळून पाहिलं. केसर तोंडाला पदर लावून हसू दाबत उभी होती. मनीने उडी मारली आणि कोपऱ्यातल्या, मुंबईच्या खेपांतल्या त्या बर्फाच्या डब्यावर जाऊन बसली.

दत्तात्रेयने एक पेढा उचलून तोंडात टाकला. "मने," तो म्हणाला, "या शहाण्याला विचार, नराला कधी बोंडं धरतात काय?"