सातवं गाणं

बायनाबाई गळ्यात पडली आणि समोरचं माणूस रडलं नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं. पोखर्णीपासून पाथरीपर्यंत कुणाच्याही घरी मयत झालं की सोयऱ्याधायऱ्यांना आधी तिची आठवण व्हायची. गेलेल्याचं नाव घेऊन ती असा हेल काढायची की ओट्यावरची बापे माणसंसुद्धा उपरण्यात तोंड घालायची. आणि आज सख्ख्या भावाच्या घरी तिची फजिती झाली होती. वारीत असल्यानं निरोप उशिरा मिळाला; सकाळी आल्या आल्या तिनं भाची माधवीला कवटाळलं, "माझ्या नागेशा, माझ्या वाघा" म्हणून गेलेल्या भाच्याच्या नावानं सूर धरला. भावजय सविता रडली, शेजारणी रडल्या, पाणी द्यायला आलेली शेजारची पोर सुकेशनी तांब्या खाली ठेवून रडली. माधवी मात्र मेढीच्या खांबासारखी उभी राहिली.

"वन्सं, नऊ दिवस झाले," सविता चुलीपुढं बसून म्हणाली. "त्याची मोटरसायकल ट्रकखाली गेली त्या दिवसापासून पोरीच्या डोळ्याला टिपूस न्हाई, पोटात घास न्हाई. कानात ते घालून बसती दिवसभर. उद्या दहावा. एक गेला, आता हीबी हातची जाती की काय हो."

"मी हाय की," बायनाबाई म्हणाली आणि तणतणत मधल्या खोलीत गेली.

माधवी कणगीला टेकून बसली होती. दोन्ही कानांत इयरफोन.

"भाऊ जाऊन दहा दिवस न्हाई झाले, अन् गाणी ऐकायलीस? लाज कशी वाटंना गं?"

माधवीनं फोन पुढं केला. वाचता येत नाही हे आत्याच्या तोंडाकडं बघून तिच्या ध्यानात आलं, मग तिनंच वाचून दाखवलं. नागेशनं पाठवलेली यादी होती. ऐकायलाच पाहिजेत अशी तेवीस गाणी. रोज एक ऐक, घाई करू नको. सातव्यापुढं त्यानं लिहिलं होतं, आधी पुटपुटतो, मग ओरडतो. दचकू नको, माधे.

"मी सातव्याच्या पुढं गेलेच नाही, आत्या."

बायनाबाईचा राग कुठल्या कुठं गेला. ती फतकल मारून खाली बसली. "आण इकडं. ऐकू दे माझ्या लेकराचं गाणं."

माधवीनं एक इयरफोन तिच्या कानात बसवला, दुसरा आपल्या. आधी नुसती तार वाजत राहिली. मग एक माणूस तोंडातल्या तोंडात बोलू लागला. बायनाबाईला वाटलं, हे कसलं गाणं, ह्याला तर पडसं झालंय. तेवढ्यात ढोल कोसळल्यागत वाजले आणि तो माणूस ओरडला. नरडं फाटेस्तोवर ओरडला.

बायनाबाईच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं माय! ह्यो तर रडायलाय! ह्येचं कोण मयत झालं?"

"कुणी नाही, आत्या. गाणं आहे ते."

"उगं काहीबी सांगू नको. चाळीस वर्षं झाली मला रडायला, मला कळत न्हाई व्हय? बघ, कसा दम धरला त्यानं. आता सोडील. बघ, सोडला का न्हाई? तीच ओळ परत घेतली, पर वरच्या सुरात घेतली. आमीबी अशीच घेतो." तिनं पदर तोंडावर धरला. "कुठला हाय गं?"

"अमेरिकेतला."

"इतक्या लांबचा!" बायनाबाई बघतच राहिली. तिकडची माणसं रुमालानं डोळे टिपून गप बसतात, असंच ती इतके दिवस धरून चालली होती. "कुठलं कोण ते, अन् रडणं तेवढं आपल्यातलं. काय म्हणायलाय त्यो? मराठीत सांग."

"नको, आत्या."

"सांग म्हणते ना."

माधवीनं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्याच्या मागं मागं ती सांगू लागली. "तो म्हणतोय, तू निघालास तेव्हा मी खाली आलो नाही."

"निघालास तवा मी खाली आलो न्हाई," बायनाबाईनं हलकेच हेल दिला. सवयच ती, एकीनं म्हटलं की दुसरीनं उचलायचं.

"गाडी चालू झालेली ऐकली, तरी उठलो नाही."

"ऐकली, तरी उठलो न्हाई..."

एका कानात तो परदेशातला गडी, दुसऱ्या कानात ही भाची. ढोल कोसळले. तो ओरडला, आणि माधवीचा आवाज एकदम चिरकला.

"उठले नाही मी. तू दोनदा हाक मारलीस, दादा. मी तोंड फिरवून पडले."

बायनाबाई दचकली. तो म्हणतोय, हे सांगायचं पोरगी विसरली होती.

"माझे इयरफोन घेतलेस म्हणून भांडले मी! दवाखान्यातनं तुझ्या कपड्यांबरोबर परत आले रे ते! मला नको, दादा! घेऊन जा! कायमचे घेऊन जा!"

दोघींच्या कानांतले इयरफोन उपसून ती ते समोरच्या मोकळ्या दाराकडं धरून बसली. दादा, घे की रे, दादा, म्हणत ती अशी रडत होती की चाळीस वर्षांत बायनाबाईनं तसं ऐकलं नव्हतं.

सविता धावत आली, पोरीकडं झेपावली. बायनाबाईनं हात आडवा घालून तिला उंबऱ्यातच थांबवलं.

"मधी जाऊ नको, सविता. ती त्याच्याशी बोलायलीय."